तिसऱ्या-चौथ्या वापराला यील्ड पडतंय? कॅटॅलिस्ट टाकून द्यायच्या आधी हे बघा

परत परत वापरायचा कॅटॅलिस्ट (रिॲक्शन वेगाने घडवणारा, स्वतः न संपणारा पदार्थ) आणि पडणारं यील्ड (मिळायला हवं त्याच्या किती टक्के प्रॉडक्ट मिळालं ते), याबद्दल हे लिहितेय. लक्षणं आधी सांगते, तुमचं काय जुळतंय ते बघा.

पहिल्या वेळेला यील्ड ९० च्या वर, दुसऱ्या वेळेला थोडं कमी, आणि तिसऱ्या-चौथ्या वेळेला एकदम ६०-६५ वर येऊन बसतं. किंवा यील्ड तेवढंच मिळतं पण पंधरा मिनिटांत होणारं काम चाळीस मिनिटं घेतं. टीएलसीवर (रिॲक्शन कुठवर आली ते ठिपक्यांनी दाखवणारी पट्टी) अल्डिहाइडचा स्पॉट काही केल्या जात नाही. प्रॉडक्ट येतं पण पिवळट, चिकट, आणि मेल्टिंग पॉइंट आठ-दहा डिग्री खाली. गाळून आलेलं पाणी राखाडी दिसतं. परत मिळालेल्या कॅटॅलिस्टचं वजन घातलं त्यापेक्षा कमी, किंवा (हे बघून मुलं खूष होतात, पण होऊ नये) जास्त. आणि सगळ्यात डोकं फिरवणारं म्हणजे सकाळी झालेली रिॲक्शन त्याच टेबलावर दुपारी होत नाही.

यातलं एक जरी जुळत असलं तरी पुढचं वाचा. आमच्या बेळगावातल्या कॉलेजात दरवर्षी एमएस्सीच्या प्रोजेक्टला मुलं हाच विषय घेतात, ग्रीन केमिस्ट्री, मायक्रोवेव्ह किंवा अल्ट्रासाउंड, आणि परत वापरता येणारा कॅटॅलिस्ट, आणि दरवर्षी साधारण मार्च-एप्रिलला कुणीतरी दारात उभं राहून म्हणतं "मॅडम, कॅटॅलिस्ट मेला". दहातल्या सात-आठ वेळा तो मेलेला नसतो. म्हणून मी सांगते तसं, फुकटात होणाऱ्या गोष्टींपासून सुरुवात करा आणि खर्चाच्या गोष्टींकडे सावकाश या. मुलं नेमकं उलटं करतात, पहिल्याच दिवशी एक्सआरडीला (क्ष-किरणांनी स्फटिकरचना बघण्याच्या तपासणीला) सॅम्पल पाठवू म्हणतात.

आमच्याकडे मुख्य दोन प्रकार चालतात. एक म्हणजे उसाच्या चिपाडाचा, म्हणजे बगॅसचा कोळसा करून त्यावर सल्फोनिक ॲसिडचे गट बसवलेला घन ॲसिड कॅटॅलिस्ट, बगॅसला आपल्याकडे तोटा नाही, चिकोडी-निपाणीकडची मुलं कारखान्यातून पोतंभर आणून ठेवतात. तो आम्ही बिगिनेलीला वापरतो, म्हणजे तीन गोष्टी एकत्र जोडणारी रिॲक्शन, बेंझाल्डिहाइड, इथाइल ॲसिटोॲसिटेट आणि युरिया. दुसरा अंड्याच्या टरफलापासून केलेला कॅल्शियम ऑक्साइड, हा बेस (ॲसिडच्या उलट गुणाचा), नोव्हेनागेल कंडेन्सेशनला, म्हणजे अल्डिहाइडला दुसरा रेणू जोडणाऱ्या रिॲक्शनला. बिगिनेली १८९१ पासूनची रिॲक्शन आहे, घरगुती मायक्रोवेव्हमध्ये ऑरगॅनिक रिॲक्शन करून दाखवणारे पहिले दोन पेपर १९८६ चे, म्हणजे यात नवं फारसं काही नाही, पण "परत वापरता येतो" हे वाक्य थिसिसमध्ये लिहायचं असेल तर ते खरं असलं पाहिजे, आणि त्याचसाठी ही सगळी खटपट.

सगळ्यात आधी: चूक कॅटॅलिस्टची आहे का?

एकाच दिवशी, एकाच बाटलीतली रिएजंट्स घेऊन तीन छोट्या रिॲक्शन लावा. एकात ताजा, कधीच न वापरलेला कॅटॅलिस्ट, एकात वापरलेला, आणि एकात काहीच नाही. ५ मिलिमोलवर करा, म्हणजे बेंझाल्डिहाइड ५३० मिलिग्रॅम लागतं, फार जात नाही, आणि शंभर टक्के झालं तर प्रॉडक्ट १.३० ग्रॅम मिळायला हवं, हिशेबाला सोपं. ताज्या कॅटॅलिस्टलाही यील्ड कमी आलं तर कॅटॅलिस्टला दोष देऊ नका, गडबड रिएजंटमध्ये, बाथमध्ये नाहीतर मायक्रोवेव्हमध्ये आहे. ताज्याला भरपूर आणि वापरलेल्याला कमी, तर मग दोष कॅटॅलिस्टचा किंवा तुम्ही तो धुतला-वाळवला त्या पद्धतीचा. आणि बिनकॅटॅलिस्टच्या फ्लास्कमध्ये पण निम्मं यील्ड आलं तर तुमचा कॅटॅलिस्ट मुळात काम काय करतोय हा प्रश्न पहिल्यांदा सोडवा.

इथे एक गोष्ट पोटतिडकीने सांगते कारण पेपरमध्ये सुद्धा लोक ही चूक करतात. रिॲक्शन दहा मिनिटांत पुरी होत असताना तुम्ही ती प्रत्येक वेळी तीस मिनिटं चालवली, तर कॅटॅलिस्टची निम्मी ताकद गेली तरी यील्ड ९० च दिसणार, कारण वेळ भरपूर दिलाय. मग पाचव्या वेळेला अचानक पडलं असं वाटतं, खरं ते दुसऱ्या वेळेपासूनच पडत होतं. म्हणून तुलना अर्ध्या वाटेवर करा, पाच मिनिटांना थांबवा आणि ताज्याने किती झालं, वापरलेल्याने किती झालं ते बघा. आकडे दिसायला छान नसतील पण खरे असतील.

वजन करा

ही फुकटातली तपासणी. १०० मिलिग्रॅम घातला होता, धुऊन वाळवून किती मिळाला? फिल्टर पेपरच्या घडीत, बुखनरच्या (गाळायच्या फनेलच्या) कडेला, स्पॅचुलाला, मॅग्नेटिक बीडला चिकटून दर वेळी थोडा जातोच. समजा ८ टक्केच जातो. मग पाचव्या वापराला तुमच्या फ्लास्कमध्ये ७१-७२ मिलिग्रॅमच आहे, आणि तुम्ही ताज्याच्या १०० शी तुलना करताय. कॅटॅलिस्ट बिचारा पूर्ण ताकदीने काम करतोय, आहेच कमी. उपाय दोन, एकतर सुरुवातीला दोन-तीन फ्लास्क जोडीने लावायचे आणि दुसऱ्याचा माल पहिल्यात भरून वजन तेवढंच ठेवायचं, नाहीतर उरलेल्या कॅटॅलिस्टच्या प्रमाणात रिएजंट कमी घ्यायची. काय केलं ते वहीत लिहायचं.

गाळलेलं पाणी राखाडी असेल तर बारीक कण पेपरमधून पळतायत. अल्ट्रासाउंडमध्ये हे हमखास होतं, कारण बुडबुडे फुटताना कणांचा भुगा होतो. व्हॉटमन १ नंबरच्या पेपरची धरण्याची क्षमता ११ मायक्रॉनच्या आसपास, ४२ नंबरची २.५ मायक्रॉन. ४२ ला वेळ लागतो, लागू दे. सेंट्रिफ्यूज असेल तर पेपरच नको, त्याच नळीत धुवा, त्याच नळीत वाळवा.

आता वजन जास्त भरलं तर. आमच्या एका मुलीने १०० घालून ११८ आणला होता आणि "मॅडम लॉस झालाच नाही" म्हणून आनंदात होती. मी तो चिमूटभर आपल्या साध्या भिंगाखाली धरला तर काळ्या कणांवर पांढरी बारीक सुई-सुई चमकत होती. ते प्रॉडक्ट. बिगिनेलीचं प्रॉडक्ट गार इथेनॉलमध्ये फारसं विरघळत नाही, आणि हिने गार इथेनॉलनेच धुतलं होतं, त्यामुळे ते कोळशाच्या छिद्रांत जाऊन बसलं, तोंडं बंद. गरम इथेनॉलमध्ये दोनदा-तीनदा हलवून गरमच गाळलं की वजनही जागेवर येतं आणि पहिल्या रनचं हरवलेलं यील्डही सापडतं.

बाटल्या उघडून बघा

बेंझाल्डिहाइडच्या बाटलीच्या तोंडाशी, बुचाच्या आट्यांत पांढरे खडे दिसतात का? ते बेंझोइक ॲसिड. बेंझाल्डिहाइड हवेतल्या ऑक्सिजनने आपोआप ऑक्सिडाइज होतं, बाटली जितकी रिकामी तितकी आत हवा जास्त. ॲसिड कॅटॅलिस्टला त्याचा थेट त्रास नाही, पण तुम्ही मोजलेल्या ५३० मध्ये अल्डिहाइड कमी असतं म्हणून यील्ड कमी. बेस कॅटॅलिस्टला मात्र हे विषच, कॅल्शियम ऑक्साइड आधी त्या ॲसिडशी लग्न लावतो आणि मग तुमच्या कामाला उरत नाही. आणि गंमत बघा, ताज्या कॅटॅलिस्टकडे बेसची शिल्लक भरपूर असते म्हणून पहिली रिॲक्शन निघून जाते, दर वेळी थोडं थोडं मरत तिसऱ्या वेळेला कळतं. दिसायला अगदी कॅटॅलिस्ट म्हातारा झाल्यासारखं दिसतं. उपाय: १० टक्के सोडियम कार्बोनेटने धुवा, फसफस थांबेपर्यंत, मग पाण्याने, मग निर्जल मॅग्नेशियम सल्फेटवर वाळवून कमी दाबाखाली डिस्टिल करा. साध्या दाबाला ते १७९ ला उकळतं, तेवढं तापवू नका. छोट्या गडद बाटलीत, तोंडापर्यंत भरून ठेवा.

युरिया पावसाळ्यात बघा. खानापूरकडून येणारी ओली हवा जून ते सप्टेंबर लॅबमध्ये ठाण मांडून असते, युरियाची ढेकळं होतात. ढेकूळ फोडून मोजलेल्या युरियात पाणी किती आणि युरिया किती कुणास ठाऊक. डेसिकेटरमध्ये (ओलावा शोषणारं बंद भांडं) ठेवा, आणि त्या डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी (कोरडी) आहे का गुलाबी (ओली) तेही एकदा बघा.

अल्ट्रासाउंडचा बाथ

सकाळी होतं दुपारी होत नाही याचं उत्तर बऱ्याचदा इथे असतं. बाथ सतत चालू राहिला की पाणी तापतं, सकाळी २६ डिग्रीला असलेलं तासाभरात ५० च्या पुढे जातं. तापलेल्या पाण्यात बुडबुड्यात वाफ भरते आणि तो फुटताना जोर राहत नाही, म्हणजे कॅव्हिटेशन (बुडबुडे होऊन फुटणं) मऊ पडतं. उलट काही रिॲक्शन नुसत्या गरम पाण्यानेच पळतात आणि आपण श्रेय अल्ट्रासाउंडला देतो. म्हणून थर्मामीटर बाथमध्ये कायम टाकलेला पाहिजे, आणि एकदा तरी त्याच तापमानाच्या साध्या वॉटरबाथमध्ये, अल्ट्रासाउंड न देता, तीच रिॲक्शन करून बघायची. तापत असेल तर थोडं पाणी काढून गार घाला, बर्फाचे दोन तुकडे टाका, पण पातळी तीच ठेवा.

पातळी आणि जागा. साधारण ४० किलोहर्ट्झच्या बाथमध्ये पाण्यातली तरंगलांबी ३.७ सेंटिमीटरच्या आसपास येते, म्हणजे जोराची जागा आणि थंड जागा यांत सेंटिमीटरभराचंच अंतर. तुम्ही काल फ्लास्क जिथे लटकवला आणि आज जिथे लटकवला त्यात बोटभर फरक पडला तर यील्ड बदलतं, यात जादू काही नाही. जागा शोधायला स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल आणा, पट्टी कापून उभी पाण्यात धरा, तळाला टेकवू नका, तीस सेकंद ते मिनिटभर. मग खिडकीकडे धरून बघा. बारीक टोचे आणि भोकं पडलेली दिसतील, काही पट्ट्यांत दाट, काही ठिकाणी काहीच नाही. जिथे दाट, तिथे फ्लास्कचा तळ. स्टँडवर मार्करने खूण करून ठेवा. फ्लास्कमधल्या द्रवाची पातळी बाथच्या पाण्याच्या किंचित खाली ठेवा, आणि फ्लास्क तळावर बसवू नका, बाथच्या तळाचं नुकसान होतं. नवीन पाणी भरलं की पाच-दहा मिनिटं रिकामाच चालवा म्हणजे विरघळलेली हवा निघून जाते.

पूर्ण बाथभर फॉइलला एकही भोक पडलं नाही किंवा एकाच बाजूला पडतायत, तर खालचा ट्रान्सड्यूसर (कंपनं देणारा भाग) सुटलाय किंवा गेलाय. इथे थांबा, पाना घेऊन तळ उघडू नका, आत हाय व्होल्टेज असतं, सर्व्हिसवाल्याला बोलवा.

मायक्रोवेव्ह

घरगुती मायक्रोवेव्ह वापरत असाल (आणि आपल्याकडे बहुतेक ठिकाणी तोच आहे) तर पहिली गोष्ट, ३० टक्के पॉवर म्हणजे मंद आच नव्हे. इन्व्हर्टर तंत्राचा (पॉवर खरंच कमी करणारा) मायक्रोवेव्ह नसेल तर तो पूर्ण ताकदीने काही सेकंद चालतो, मग बंद, मग परत पूर्ण. बिनसॉल्व्हंटच्या रिॲक्शनमध्ये त्या पूर्ण ताकदीच्या झटक्यात आतला एखादा भाग सपाटून तापतो. युरिया १३३ डिग्रीला वितळतो आणि त्याच्या पुढे मोडायला लागतो, अमोनिया निघतो, आणि अमोनिया तुमच्या सल्फोनिक ॲसिडच्या गटावर जाऊन बसला की तो गट बाद. दार उघडल्यावर नाकाला अमोनियाचा वास झोंबला, तर कॅटॅलिस्ट का पडला हे शोधायला लांब जाऊ नका. दोन मिनिटं सलग देण्यापेक्षा वीस-वीस सेकंद द्या, मध्ये काढून काचेच्या कांडीने ढवळा, परत द्या.

मशीन म्हातारं झालंय का हे बघायला एक लिटर पाणी प्लॅस्टिकच्या भांड्यात घ्या, तापमान मोजा, पूर्ण पॉवरवर दोन मिनिटं ठेवा, ढवळून परत मोजा. जितक्या डिग्री वाढल्या त्याला ३५ ने गुणलं की साधारण वॅट आले. २० डिग्री वाढलं म्हणजे ७००. हा आकडा दर सेमिस्टरला मशीनवरच चिकटवून ठेवा. मशीनवर ८०० लिहिलंय म्हणून ८०० मिळतंय असं नसतं, आणि उन्हाळ्यात व्होल्टेज पडलेलं असताना तर मुळीच नाही. दुपारी एसी आणि पंपं चालू असताना हाच प्रयोग करून बघा, फरक दिसेल.

आणि गरम जागा शोधायला पापड. फिरती काच काढून ठेवा, ट्रेवर उडदाचे पापड ओळीने मांडा, वीस-तीस सेकंद. जिथे फुलले तिथे जोर, जिथे कच्चे राहिले तिथे नाही. लहरींची लांबी १२.२ सेंटिमीटर असल्याने फुललेले डाग एकमेकांपासून सहा-एक सेंटिमीटरवर दिसतात. तुमचा छोटा बीकर त्या कच्च्या जागेत ठेवला असेल तर काय होणार? हे पापड मात्र खायचे नाहीत, लॅबच्या मायक्रोवेव्हमधलं काहीही खायचं नाही, कचऱ्यात टाकायचे. पोरं हसतात, पण एकदा बघितल्यावर विसरत नाहीत.

घरगुती मशीनमध्ये इथेनॉल, ॲसिटोन, इथर, कुठलंही पेटणारं सॉल्व्हंट ठेवायचं नाही, बंद बाटली तर नाहीच. आतल्या स्विचच्या ठिणगीला वाफ पुरेशी असते. लोखंडी चुंबकीय नॅनोकण असतील तर कोरड्यात ठिणग्या उडू शकतात, ते काम त्यासाठीच बनवलेल्या रिॲक्टरवर करा किंवा बाथवर न्या.

धुतलं कशाने?

हा भाग मी जरा सविस्तर लिहिते कारण आमच्याकडे सगळ्यात जास्त वेळा चोर इथेच सापडलाय.

दोन वर्षांमागे एप्रिलमध्ये एकाच बॅचच्या चौघांचे बगॅसवाले कॅटॅलिस्ट एकाच आठवड्यात पडले. चौघांनी वेगवेगळे बनवलेले, तरी पडले एकदम. मी रिएजंट बघितली, बाथ बघितला, सगळं ठीक. शेवटी सिंककडे गेले तर डिस्टिल्ड वॉटरचा पांढरा कॅन, त्यावर मार्करने "डि. वॉ." लिहिलेलं, आणि कॅनच्या तळाला आतून पांढरट कडं. डिस्टिल्ड पाण्याला कडं कसलं? शेंगदाण्याएवढं ईबीटी (जड पाण्याला रंग बदलणारा निर्देशक) घेतलं, बफर टाकला, त्यात ते पाणी, आणि लगेच वाईन रेड. डिस्टिल्ड असतं तर निळं राहिलं असतं. लॅबमधल्या मामांना विचारलं तर म्हणाले, नळाला पाणी नाही, कंडेन्सरला धार नाही, डिस्टिलेशन बंद आहे, पोरं ओरडू लागली म्हणून बोअरचं भरून ठेवलं. त्यांची काय चूक, त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. मी तोंड पाडून उभी बघून वर म्हणाले, "होगली बिडरी (जाऊ द्या हो) मॅडम, उद्या नळ येतोय."

नळ आला, पण तोवर चौघांचे कॅटॅलिस्ट बोअरच्या पाण्याने तीन-तीनदा धुऊन झाले होते. सल्फोनिक ॲसिडचा गट म्हणजे पाणी मऊ करणाऱ्या रेझिनसारखाच, जड पाण्यातलं कॅल्शियम-मॅग्नेशियम धरतो आणि स्वतःचा हायड्रोजन सोडून देतो. एकदा धरलं की तो ॲसिड राहिला नाही. ॲम्बरलिस्टसारख्या विकतच्या रेझिनचंही तेच. आपल्याकडे शहराला राकसकोप आणि हिडकल धरणांचं पाणी येतं, उन्हाळ्यात ते कमी पडलं की सगळे बोअरवर, त्यामुळे "एप्रिलात कॅटॅलिस्ट मरतो" ही तक्रार दरवर्षी का येते ते त्या दिवशी कळलं.

तपासायचं कसं: १०० मिलिग्रॅम कॅटॅलिस्ट २० मिलि २ नॉर्मल मिठाच्या पाण्यात (डिस्टिल्डमध्ये केलेल्या) रात्रभर हलवत ठेवा, गाळा, आणि फिनॉल्फ्थॅलिन टाकून ०.०१ नॉर्मल कॉस्टिकने टायट्रेट करा. ग्रॅममागे १ मिलिमोल ॲसिड असेल तर १० मिलि लागेल. ताज्याला १० आणि वापरलेल्याला ३ लागत असेल तर गट बांधले गेलेत किंवा गळून गेलेत. या टायट्रेशनला बी.एस्सी. च्या लॅबमधलं सामान पुरतं, आणि बाहेरच्या कुठल्याही इन्स्ट्रुमेंटपेक्षा हे जास्त सांगून जातं.

बांधले गेले असतील तर परत येतात. एक ग्रॅमला ५० मिलि १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक ॲसिड, साध्या तापमानाला चार तास ढवळा, गाळा, आणि खऱ्या डिस्टिल्ड वॉटरने धुवा, धुतलेल्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटने पांढरं येणं थांबेपर्यंत. इथे सल्फ्युरिक वापरू नका. बहुतेक ठिकाणी सल्फ्युरिकच लिहिलेलं असतं, पण कॅल्शियम धरून बसलेल्या कॅटॅलिस्टला सल्फ्युरिक दिलं की कॅल्शियम सल्फेट तयार होतं, ते पाण्यात जेमतेम विरघळतं आणि छिद्रांत जाऊन बसतं. अमोनियाने बाद झालेलाही याच हायड्रोक्लोरिकच्या धुण्याने परत येतो. मग १०५-११० ला वाळवा आणि गरम असतानाच डेसिकेटरमध्ये. त्या चौघांपैकी तिघांचे परत पहिल्यासारखे चालले.

कॅल्शियम ऑक्साइडवाल्यांनी हे काही करायचं नाही, त्याला पाणीच लावायचं नाही. तो हवेतलं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड घेऊन परत चुना आणि खडू होतो. चिमूटभर वॉच ग्लासवर घ्या, विरळ हायड्रोक्लोरिकचा थेंब टाका, फसफसलं तर कार्बोनेट झालाय. मफलमध्ये (बंद भट्टीत) ९०० ला दोन-तीन तास परत भाजा आणि त्याच दिवशी वापरा, बुच घट्ट लावलेल्या बाटलीत सुद्धा आठवडाभर ठेवून "ताजा" म्हणू नका.

अवांतर, पण इथल्या लोकांना उपयोगी: बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण साडेसातशे मीटरवर आहे, पाणी ९७-९८ ला उकळतं आणि इथेनॉल ७६ च्या आसपास. पेपरमध्ये रिफ्लक्स (सॉल्व्हंट उकळत ठेवून वाफ परत थंड करून आत सोडणं) लिहिलेला माणूस समुद्राकाठी बसलेला असेल तर त्याचा रिफ्लक्स तुमच्यापेक्षा दोन डिग्री गरम. यील्ड यामुळे निम्मं होत नाही, पण पाच-दहा मिनिटं जास्त लागली तर घाबरू नका.

एवढं करूनही पडत असेल

मग गट गळून जातायत का ते बघायचं. रिॲक्शन अर्ध्यावर आली की गरम असतानाच पटकन गाळा आणि गाळलेलं द्रावण कॅटॅलिस्टशिवाय तसंच चालू ठेवा. गरमच का, तर गार झाल्यावर सुटलेलं काही परत कणांवर जाऊन बसू शकतं आणि तुम्ही फसता. कॅटॅलिस्ट काढल्यावरही रिॲक्शन त्याच वेगाने पुढे गेली, तर काम तुमचा घन कॅटॅलिस्ट करत नव्हता, त्यातून सुटलेलं ॲसिड करत होतं. सल्फोनिकवाल्यांना याहून सोपं, ताजा कॅटॅलिस्ट गरम डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास हलवा, गाळा, दोन थेंब विरळ हायड्रोक्लोरिक, मग बेरियम क्लोराइड (विषारी आहे, हातमोजे घाला). पांढरं आलं म्हणजे बनवताना नुसतं चिकटलेलं सल्फ्युरिक नीट धुतलं गेलेलं नाही. शेजारी नुसत्या डिस्टिल्ड पाण्याची नळी ठेवायला विसरू नका, कारण वर सांगितलं तसं.

हे पांढरं येणं थांबेपर्यंत गरम पाण्याने धुतलेला कॅटॅलिस्टच "पहिला रन" म्हणून मोजा. तुमचं पहिल्या रनचं ९४ टक्के थोडं खाली येईल पण मग तिसरा-चौथा त्याच्या जवळ राहील. खरंच रासायनिक बांधलेले गट सुटत असतील तर कितीही ॲसिडने धुवून परत येणार नाहीत, तिथे प्रयत्न सोडा आणि नवीन बनवा. अल्कोहोलमध्ये वारंवार उकळलेल्या सल्फोनिक कॅटॅलिस्टवर एस्टर तयार होऊन तो हळूहळू पडतो हेही लक्षात ठेवा, शक्य असेल तर बिनसॉल्व्हंट किंवा पाण्यात करा.

इथे थांबायचं आणि जाणत्याला बोलवायचं

मायक्रोवेव्हच्या दाराचं सील फाटलंय, दार नीट बसत नाही, आत ठिणगी किंवा जळका वास, तर प्लग काढा आणि मेकॅनिक. कव्हर स्वतः उघडायचं नाही, आतल्या कपॅसिटरवर प्लग काढल्यावरही दोन हजार व्होल्टच्या आसपास चार्ज राहू शकतो, माणूस जातो त्याने.

वापरलेला पॅलॅडियम कार्बन किंवा रेनी निकेल फिल्टरवर कोरडा करायचा नाही, मेथेनॉलच्या वाफेत तो आपोआप पेट घेतो. तो पाण्याखाली ओलाच ठेवा आणि आधी गाइडना हाक मारा. ॲझाइड, पेरॉक्साइड किंवा जास्त नायट्रो असलेलं काही मायक्रोवेव्हमध्ये तापवायचा विचार असेल तर एकट्याने अजिबात नाही. बंद व्हायल तापल्यावर फुगलेली दिसली तर हात लावू नका, फ्यूम हूडचं शटर खाली ओढा, गार होऊ द्या. कडक सल्फ्युरिकमध्ये १५० ला सल्फोनेशन करायचं असेल तर फ्यूम हूड आणि शेजारी अनुभवी माणूस दोन्ही पाहिजेत. मफलचा आकडा ९०० दाखवतोय पण टरफल पांढरं होत नाहीये, तर थर्मोकपल (तापमान मोजणारी तार) बघायला द्या, उद्यमबागेत फाउंड्रीवाल्यांची असली कामं करणारे आहेत.

आणि द्रावणात धातू किती सुटला हे आकड्यात हवं असेल, किंवा कोळशाची छिद्रं खरंच बुजलीत का हे दाखवायचं असेल, तर ते आपल्या बेंचवर होत नाही. धारवाडला किंवा कोल्हापूरला विद्यापीठात मशीनं आहेत, गाइडची सही घेऊन सॅम्पल पाठवा. ताजा आणि वापरलेला दोन्ही पाठवा, एकटा वापरलेला पाठवून काही कळत नाही. त्यासाठी कॅटॅलिस्ट बनवला त्याच दिवशी २०० मिलिग्रॅम वेगळ्या व्हायलमध्ये काढून, तारीख आणि कुठल्या पाण्याने धुतला ते लिहून, डेसिकेटरच्या मागच्या बाजूला ठेवून द्या.